लोकरीचा निळा प्रयोगशाळेत येतो

मँचेस्टरच्या ब्लेकली भागात लेव्हिनस्टाइन कंपनीचा रंगांचा कारखाना होता. आम्ल घातलेल्या पाण्यात लोकरीवर पक्के चढणारे रंग तिथे तयार होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कंपनीने त्यांतल्या काही रंगांना ‘कूमासी’ हे व्यापारी नाव दिले. कुमासी ही पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती राज्याची राजधानी. आज ते शहर घानात आहे. जानेवारी १८९६मध्ये ब्रिटिश फौजेने ते ताब्यात घेतले आणि राजा पहिला प्रेम्पेह याला हद्दपार केले. त्याला मायदेशी परतायला १९२४ साल उजाडले. जिंकलेल्या राजधानीचे नाव असे इंग्लंडच्या बाजारात डब्यांवर छापून विकले गेले. आज जीवरसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव ठाऊक असते. त्यामागचे शहर आणि तो राजा मात्र त्याला कुणी सांगत नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

या घराण्यातला सर्वांत कीर्तिमान रंग, ब्रिलियंट ब्लू, १९१३मध्ये जर्मनीतल्या एल्बरफेल्ड इथे माक्स वायलर यांनी प्रथम बनवला. पुढची पन्नास वर्षे तो कापडाचाच रंग होता.

प्रयोगशाळेची अडचण वेगळी होती. विजेच्या दाबाखाली पट्टीवर किंवा जेलमध्ये प्रथिने एकमेकांपासून वेगळी करता येऊ लागली, पण बहुतेक प्रथिनांना रंगच नसतो. वेगळी झाली तरी ती दिसायची कशी? अॅमिडो ब्लॅकसारखे रंग वापरात होते, पण प्रथिन थोडे असले की पट्टा उमटतच नसे.

१९६३मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फाझेकास डी सेंट ग्रोथ, वेबस्टर आणि डॅटिनर यांनी कूमासी ब्लू वापरून दाखवला. यांपैकी वेबस्टर म्हणजे पुढे फ्लूच्या विषाणूंवरील संशोधनाने जगभर ओळखले गेलेले रॉबर्ट वेबस्टर. लोकरीच्या देशात हा शोध लागावा, हे मोठे समर्पक आहे. कारण लोकर म्हणजे केराटिन, आणि केराटिन हे प्रथिनच. रंगाच्या रेणूवरचे ऋणभारित सल्फोनेट गट प्रथिनातल्या धनभारित अमिनो आम्लांना, विशेषतः आर्जिनिनला, धरतात. रेणूचा उरलेला, पाण्यापासून दूर राहू पाहणारा भाग ती पकड घट्ट करतो. रंगाऱ्यांनी धाग्यावर जे साधले होते, तेच इथे पट्टीवर घडत होते. आम्लाचे पाणीही तेच. दोनच वर्षांत हा रंग पॉलिअॅक्रिलामाइड जेलवरही वापरला गेला. जेल रंगात बुडवायचे, मग मिथेनॉल आणि अॅसिटिक अॅसिडच्या मिश्रणात जादा रंग धुऊन काढायचा. पार्श्वभूमी हळूहळू नितळ होते आणि निळे पट्टे तेवढे उरतात.

१९७६मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी याच रंगाचा हिरवट छटेचा भाऊबंद, जी-२५०, मोजमापाला लावला. आम्लात तो तांबूस-तपकिरी असतो. प्रथिनाला चिकटताच निळा होतो. त्याचे प्रकाशशोषण ४६५ नॅनोमीटरवरून ५९५वर सरकते, आणि निळा किती गडद यावरून प्रथिन किती ते कळते. सारे काम काही मिनिटांचे. डिटर्जंट जास्त असेल तर मात्र ही मोजणी फसते. ‘नेचर’ने २०१४मध्ये सर्वाधिक उद्धृत झालेल्या शोधनिबंधांची यादी केली, तेव्हा ब्रॅडफर्ड यांचा निबंध तिसरा होता, पहिले दोनही प्रथिनांच्याच तंत्रांचे होते.

जेलमधली प्रथिने दिसावीत म्हणून १९७९मध्ये चांदीच्या क्षारांची पद्धत आली. ती शंभरपटीपर्यंत अधिक सूक्ष्म, पण किचकट. आणि तिच्या मूळ कृतीतली रसायने प्रथिनावर अशी क्रिया करतात की नंतर मास स्पेक्ट्रोमीटरवर ते ओळखणे अवघड जाते. त्यामुळे रोजच्या कामात कूमासीची जागा चांदीला घेता आली नाही, आणि ते योग्यच झाले.

दरम्यान जी-२५० शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचला आहे. दृष्टिपटलावरचा अत्यंत पातळ, पारदर्शक पडदा सोलून काढताना तो शल्यविशारदाला दिसावा म्हणून हाच निळा वापरतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९मध्ये त्याला या कामासाठी मान्यता दिली.