गुरु, शिष्या आणि प्रेक्षक

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझी नात भंडाऱ्यास आमच्याकडे आली होती. ती कॉलेजांत शिकते. जेवायला बसली तरी हातांतील मोबाइल कांहीं ती खालीं ठेवीना, तेव्हां तिच्या आजीनें रागावून विचारलें, "एवढं काय गं आहे त्यात?" मग कळलें कीं, ती एक चिनी मालिका पाहात आहे. 'हुआ छ्येन-गू' हें तिचें नांव. चीनमध्यें ती २०१५ सालीं प्रथम दाखविली गेली. एक अनाथ मुलगी सिद्धपुरुषांच्या आश्रमांत विद्या शिकावयास येते. आश्रमाचा अधिपति तिला आपली एकुलती एक शिष्या म्हणून स्वीकारतो. आणि कालांतरानें तिच्या मनांतील भक्तीचें रूपांतर प्रेमांत होतें. गुरूचें मनहि अगदीं अलिप्त राहत नाहीं. परंतु तो तें कबूल करीत नाहीं, उलट त्याच्यासाठींच तिनें केलेल्या अपराधाबद्दल तिला कठोर दंड करतो.

या कथेवरून नातीच्या मैत्रिणींत दोन तट पडले होते. एकीच्या मतें एवढें निर्मळ प्रेम दुसरें नाहीं, तें सफल झालेंच पाहिजे. दुसरीच्या मतें ज्यानें मुलीला लहानाची मोठी होतांना पाहिलें, तिला शिकविलें, त्याच्याशीं तिची जोडी जुळावी ही कल्पनाच ओंगळ आहे. नातीनें मला विचारलें, "आबाजी, तुम्ही तर मास्तर होता. तुम्हाला काय वाटतं?"

श्रोते हो, जन्मभर मुलांना प्रश्न विचारण्यांत गेलेल्या माणसास असा प्रश्न कोणी उलट विचारला, म्हणजे त्याची थोडी तारांबळ होते. मीं त्या वेळीं हसून विषय टाळला. परंतु प्रश्न मनांतून जाईना. विचार करतां करतां असें लक्षांत आलें कीं, हा प्रश्न नवा नाहीं आणि केवळ चिनीहि नाहीं. आपल्या देशांत कथा ऐकणाऱ्या आणि नाटकें पाहणाऱ्या लोकांनीं त्याचें उत्तर पुनःपुन्हां दिलेलें आहे. त्या उत्तरांचा थोडासा इतिहास आज आपणांपुढें मांडावा असा विचार आहे.

प्रथम चीनचेंच पाहूं. एक दिवसाचा गुरु तो जन्माचा पिता, अशा अर्थाची म्हण त्या लोकांत जुनी आहे. गुरूच पिता ठरला कीं त्याच्याशीं विवाह हा घोर अधर्म होतो. हाँगकाँगचे कादंबरीकार जिन युंग यांनीं १९५९ सालीं आपल्या वर्तमानपत्रांतून एक कादंबरी क्रमशः देण्यास आरंभ केला. तींत गुरु ही तरुण स्त्री आहे व शिष्य मुलगा. त्यांच्या प्रेमाची वार्ता फुटतांच कथेंतील सारें जग त्यांच्यावर उलटतें. वाचक मात्र त्या दोघांच्या बाजूचे झाले, आणि पुढें या कथेवर कितीतरी चित्रपट व मालिका निघाल्या. म्हणजे कथेंतला समाज एका बाजूस आणि कथा पाहणारा समाज दुसऱ्या बाजूस, असा हा विलक्षण प्रकार आहे. असें कां व्हावें, हाच आजच्या भाषणाचा खरा प्रश्न होय.

आतां आपल्याकडे वळूं. महाभारताच्या आदिपर्वांत कच-देवयानीचें आख्यान आहे. देवांनीं बृहस्पतीचा पुत्र कच यास दैत्यगुरु शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या आणण्यासाठीं पाठविलें, आणि पाठवितांना गुरुकन्या देवयानीस प्रसन्न ठेव असेंहि सांगितलें. दैत्यांनीं कचास तीनदां मारलें. तिसऱ्या वेळीं त्याची राख मद्यांत कालवून खुद्द शुक्राचार्यांसच पाजली. देवयानीच्या आग्रहावरून शुक्रांनीं पोटांतील कचास विद्या दिली, कच बाहेर आला आणि त्यानें गुरूस जिवंत केलें. पुढें निरोपाच्या वेळीं देवयानीनें त्यास वरूं पाहिलें, तेव्हां तो म्हणाला कीं, तूं गुरुकन्या म्हणून मला पूज्य आहेस. शिवाय मी तुझ्या पित्याच्या उदरांत राहिलों, म्हणून तूं माझी बहीण आहेस. तिनें शाप दिला, त्यानें प्रतिशाप दिला. येथें प्रेम प्रत्यक्ष गुरूशीं नसून गुरूच्या घरांत आहे, हा भेद खरा. परंतु अडसर तोच आहे. विद्येच्या नात्यानें माणसें एका कुटुंबाचीं होतात, आणि कुटुंबांत विवाह होत नाहीं.

याच आख्यानावर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनीं 'संगीत विद्याहरण' हें नाटक लिहिलें. तें १९१३ सालीं रंगभूमीवर आलें. नाटककारांचा मुख्य रोख मद्यपानाच्या अनर्थावर होता. पण देवयानीच्या भूमिकेंत बालगंधर्व होते. नाटककारानें मद्याचा धडा द्यावा आणि प्रेक्षकानें देवयानीचें दुःख घेऊन घरीं जावें, यांत नवल तें काय?

हें मी ऐकीव सांगत नाहीं. आमचा भंडाऱ्याचा मुलूख हा झाडीपट्टीचा. भाऊबीज झाली, धान घरांत आलें, कीं गांवोगांव मंडई भरते आणि रात्रभर दंडार, खडी गंमत व नाटकें चालतात. मी दहा-बारा वर्षांचा असतांना पवनीच्या बाजूस एका गांवीं गांवकऱ्यांनींच बसविलेलें कच-देवयानीचें नाटक पाहिलें होतें. आम्ही मुलें पुढें धानाच्या तणसावर बसलों होतों. देवयानीचें काम करणारा तरुण दिवसां नांगर धरणारा होता. त्यानें शाप उच्चारतांच मागें बसलेल्या बायांतून एक म्हातारी मोठ्यानें म्हणाली, "बरं केलं पोरीनं!" लगेच पुरुषांच्या बाजूनें कोणी ओरडलें, "गुरूची पोरगी बहीणच असते!" आणि मग नाटक थांबवून दोन्ही बाजूंनीं वाद सुरू झाला. पेटी वाजविणारा हात आंखडून हसत बसला. नातीच्या मैत्रिणींतील दोन तट ऐकतांना मला त्या रात्रीची आठवण झाली.

गंमत अशी कीं, ज्या वर्षीं 'विद्याहरण' रंगभूमीवर आलें, त्याच १९१३ सालीं युरोपांत बर्नार्ड शॉ यांचें 'पिग्मॅलियन' प्रथम व्हिएन्ना येथें झालें. एक भाषाशास्त्रज्ञ फुलें विकणाऱ्या मुलीस शुद्ध बोलावयास शिकवितो. त्या गुरूचें व शिष्येचें लग्न लागूं नये, अशी नाटककाराची स्पष्ट इच्छा होती. परंतु १९१४ सालीं लंडनच्या प्रयोगांत गुरूचें काम करणारे नट ट्री यांनीं शेवटीं नायिकेकडे फुलें फेंकून प्रेक्षकांना हवा तो शेवट सुचविला. शॉ संतापले, आणि १९१६ सालीं त्यांनीं नाटकास एक उपसंहार जोडून त्या मुलीचें लग्न दुसऱ्याच तरुणाशीं लावून दिलें. तरीहि १९३८ च्या चित्रपटांत शेवट पुन्हां प्रेक्षकांच्या इच्छेकडेच झुकला. हेंच नाटक पु. ल. देशपांडे यांनीं 'ती फुलराणी' या नांवानें १९७५ सालीं मराठींत आणलें, आणि भक्ति बर्वे यांची मंजुळा घरोघरीं पोंचली. एकंदरींत प्रेक्षकाला जोडी जुळलेली हवी असते. आणि शहाणा नाटककार त्याला अडवीत असतो.

पुढें आपल्या लेखकांनीं देवयानीकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें. वि. स. खांडेकरांच्या १९५९ सालच्या 'ययाति' कादंबरींत आणि वि. वा. शिरवाडकरांच्या १९६६ सालच्या 'ययाति आणि देवयानी' या नाटकांत ती पुढच्या आयुष्यांतील देवयानी आहे. परंतु कचाचा नकार तिच्या काळजांत रुतलेला आहे. नकार देणारा आपल्या वाटेनें जातो, आणि ज्याला नकार मिळाला त्याचें पुढें काय होतें, हें पाहावयास लागणें हीहि प्रेक्षकांच्या विचाराची प्रगतीच म्हणावयाची.

हें झालें रंगभूमीचें. प्रत्यक्ष जीवनांत असा प्रसंग आला तेव्हां तोच समाज कसा वागला? कवि माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, हे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत अध्यापक होते. एका विद्यार्थिनीशीं असलेल्या त्यांच्या स्नेहावरून मोठा गदारोळ उठला आणि त्यांस तें कॉलेज सोडावें लागलें. पुढें कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत त्यांस जागा मिळाली, आणि १९३६ सालीं जळगांवच्या साहित्य-संमेलनाचें अध्यक्षपदहि त्यांच्याकडे आलें. नाटकगृहांत प्रेमिकांसाठीं डोळे पुसणारा प्रेक्षक बाहेर येतांच न्यायाधीश होतो, आणि कांहीं वर्षांनीं तो न्यायहि विसरतो. परंतु या सर्व चर्चेंत अध्यापकाचें काय झालें हेंच लोक सांगतात. विद्यार्थिनीस काय सोसावें लागलें असेल, हें विचारणारे थोडे.

आतां मी ज्या कथेस या बाबतींत सर्वांत श्रेष्ठ मानतों ती सांगतों. अज्ञातवासांत अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या घरीं राहिला आणि त्यानें राजकन्या उत्तरेस नृत्य-गायन शिकविलें. वर्ष संपून पांडव प्रकट झाले, तेव्हां विराटानें आनंदानें उत्तरा अर्जुनास देऊं केली. क्षत्रियांत तें अयोग्य ठरलें नसतें. अर्जुनानें मात्र तिला सून म्हणून, अभिमन्यूसाठीं, स्वीकारलें. त्याचें म्हणणें असें कीं, एक वर्ष मी अंतःपुरांत राहिलों. तिनें माझ्यावर पित्याप्रमाणें, आचार्याप्रमाणें विश्वास ठेवला. मी तिला पत्नी केलें तर लोक त्या वर्षाविषयीं शंका घेतील. व्यासांनीं येथें प्रेक्षकालाच कथेंत आणून बसविलें आहे. लोक काय म्हणतील, हा विचार अर्जुन भित्रेपणानें करीत नाहीं. मागें घडलेल्या शिक्षणाला मागाहून डाग लागूं नये, म्हणून तो करतो.

या गोष्टीचा अर्थ मला पुस्तकांतून कळला नाहीं, अनुभवानें कळला. १९८५ च्या सुमारास मी एका खेड्यांतील शाळेवर होतों. सातवींत एक मुलगी गणितांत फार हुशार होती. तिनें शिष्यवृत्ति-परीक्षेस बसावें म्हणून शाळा सुटल्यावर मी तिला तासभर शिकवीत असें. आरंभीं तीन-चार मुलें असत. पुढें तीं गळालीं आणि ती एकटीच उरली. मंडईचे दिवस होते. पानाच्या ठेल्यावर कोणी पोरानें नाटकांतलें एक वाक्य आम्हां दोघांना लावून थट्टा केली. दुसऱ्या दिवशीं तिचे वडील आले. ते हात जोडून म्हणाले, "गुरुजी, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण गावाचं तोंड कसं धरू?" मुलगी परीक्षेस बसली नाहीं. आठवीसाठीं तालुक्याच्या गांवीं जावें लागे, तेंहि झालें नाहीं. चार वर्षांनीं तिचें लग्न झाल्याचें ऐकलें. माझें कांहींच बिघडलें नाहीं. माझी नोकरी राहिली, गांवानें मला निरोपाच्या वेळीं शालहि दिली. गेलें तें तिचें गेलें.

पुष्कळ दिवस मी त्या पोरास आणि गांवास दोष देत असें. त्यांचा दोष होताच. १८४८ सालीं पुण्यांत फुले दांपत्यानें मुलींची शाळा काढली, तेव्हां सावित्रीबाईंवर शेण-चिखल फेंकणारे लोक आणि हे लोक एकाच जातकुळीचे. संशयाचें निमित्त करून मुलीचें शिक्षण थांबविणें ही आपली फार जुनी खोड आहे. परंतु अर्जुनाची कथा पुन्हां वाचतांना मला माझीहि चूक दिसली. तीन मुलें गळालीं त्याच दिवशीं मीं तास व्हरांड्यांत घ्यावयास हवा होता, किंवा आणखी दोन मुलींना आग्रहानें बसवावयास हवें होतें. माझें मन स्वच्छ होतें. पण तें मला ठाऊक होतें, गांवाला नव्हे. त्यानंतर सेवा संपेपर्यंत मीं एकट्या मुलीस बंद खोलींत कधीं शिकविलें नाहीं, आणि थट्टेच्या भीतीनें एकाहि मुलीचा तास सोडलाहि नाहीं.

मघांच्या प्रश्नाचें उत्तर मला येथें सांपडतें. कथेंतील समाज आणि प्रेक्षक यांचीं मतें भिन्न कां? कारण प्रेक्षकाला बंद खोलींतलें सर्व दिसतें. गुरु कसा तळमळला, शिष्येनें किती सोसलें, कोणी कोणाला फसविलें नाहीं, हें त्याच्यापुढें उघडें असतें. म्हणून तो क्षमा करतो. कथेंतल्या समाजाला केवळ बंद दार दिसतें. प्रत्यक्ष जगांत आपण सर्वच दाराबाहेरचे असतों. शिवाय मालिकेंतील ते सिद्धपुरुष शेकडों वर्षांचे असोत, शाळेंतील मुलीचे गुण, परीक्षा आणि पुढची वाट मास्तरांच्या हातीं असते. जिला 'नाहीं' म्हणण्याची मोकळीक नाहीं, तिच्या 'होय'ला किती किंमत द्यावयाची? २०१२ सालीं मुलांच्या संरक्षणासाठीं जो कायदा झाला, त्यानें शाळेंतील माणसानें अल्पवयीन मुलावर केलेला लैंगिक अत्याचार अधिक गंभीर ठरविला, तो याच कारणानें. विश्वास जितका मोठा, तितका अपराध मोठा.

दिवाळीची सुटी संपण्याच्या आदल्या रात्रीं मीं नातीला हें सारें सांगितलें. म्हटलें, तुझ्या दोन्ही मैत्रिणी बरोबर आहेत. पडद्यावर जोडी जुळावी असें वाटलें तर त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. तूं त्यांचीं मनें पाहिलेलीं आहेस. पण उद्यां कॉलेजांत एखाद्या गुरूनें दार लावून घेतलें, तर त्याचें मन तुला दिसणार नाहीं. तेथें उत्तरेच्या गुरूची आठवण ठेव.

ती थोडा वेळ गप्प राहिली, मग तिनें पुन्हां ती मालिका लावली. तिची आजी इतका वेळ तांदूळ निवडीत ऐकत होती. तिनें सूप बाजूला ठेवलें, चष्मा पुसला आणि नातीजवळ सरकून विचारलें, "ते राहू दे. त्या पोरीचं पुढं काय झालं, ते सांग."