अ-फांग: छप्पर नसलेल्या राजवाड्याचे नाव

बंडखोर सेनापती शिआंग यूने इ.स.पू. 206 मध्ये छिन सम्राटाचा अ-फांग राजवाडा पेटवला आणि आग तीन महिने विझली नाही, ही आख्यायिका चीनमध्ये सर्वश्रुत आहे. प्राचीन इतिहासकार सिमा छ्येनच्या इतिहासात मात्र जळतात ते ‘छिनांचे राजवाडे’. अ-फांगचे नाव तिथे नाही. ते आगीत शिरले ते मुख्यतः कवी दू मूच्या इ.स. 825 सालच्या ‘फू’मुळे असावे. फू म्हणजे अलंकारप्रचुर गद्यकाव्य. दू मूचा रोख होता त्याच्या काळच्या तांग सम्राटाच्या बांधकामाच्या हौसेवर, आणि त्यासाठी त्याला भरलेला, झगमगता आणि शेवटी भस्मसात झालेला प्रासाद हवा होता. आपल्याकडे ‘खबर’चा वर्णविपर्यास होऊन ‘बखर’ झाली असे मानतात; खबरेला रंग चढत जाण्याची वाट तिकडेही तीच दिसते.

नावाचे कोडे याहून गोड आहे. सिमा छ्येन सांगतो की राजवाडा अ-फांग येथे बांधायला घेतला म्हणून लोक त्याला तसे म्हणू लागले. पुरा झाल्यावर चांगलेसे नाव ठेवायचे होते. म्हणजे हे कामचलाऊ नाव! काम सुरू झाले इ.स.पू. 212 मध्ये, सम्राट वारला 210 मध्ये, आणि मजूर त्याच्या थडग्याकडे वळवले गेले.

‘फांग’चा उच्चार कुणी महाप्राण ‘प’ने करतात, कुणी दंत्योष्ठ्य ‘फ’ने. दुसरा वर्ण चिनी भाषेत बराच उशिरा, ओष्ठ्य स्पर्शवर्णांतून उपजला. छिनकाळी इथे ‘ब’सारखा ध्वनी असावा. मराठीत हा वाद लिहूनच दाखवता येत नाही: ‘फळ’ आणि ‘फौज’, संस्कृत आणि अरबी-फारसी, दोघांनाही आपण एकाच ‘फ’वर बसवले आहे.

आता ‘अ’. सातव्या शतकातला टीकाकार येन शिगू त्याचा अर्थ ‘जवळ’ असा घेतो: राजधानी श्येनयांगच्या जवळचे ते अ-फांग. आठव्या शतकातला सिमा चेन म्हणतो, नाव आकारावरून पडले. चारही बाजूंना उतरते, ऐसपैस पसरलेले छप्पर. दुसरी व्युत्पत्ती चित्रमय आहे, आणि मलाही ती बराच काळ मोहवीत होती.

पण 2002 पासून शीआनजवळ पुरातत्त्वज्ञांनी ती जागा खणली. सापडला तो चोपून घट्ट केलेल्या मातीचा 1270 मीटर लांब, 426 मीटर रुंद चौथरा. त्यावर दालनांचे अवशेष नाहीत, भाजून लाल झालेली माती नाही. तशी माती आहे ती वेई नदीपलीकडे, श्येनयांगच्या जुन्या राजवाड्यांत. सिमा छ्येनची आग तिथलीच असावी. आणि चौथऱ्यावर इमारतच उभी राहिली नसेल, तर लोकांनी छपरावरून नाव कसे ठेवले असेल? येन शिगूचे ‘जवळ’ खरे असो वा नसो, अ-फांग हे मुळात जागेचे नाव असावे. सिमा छ्येनचे वाक्यही तेच सांगते.