गंधकाच्या कणाचा माग

गंधकी झऱ्यांच्या काठी साचणारे पांढुरके, धाग्यांसारखे थर युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना चांगलेच ठाऊक होते. १८४२ मध्ये त्यांना 'बेजिआटोआ' हे नावही मिळालं. सूक्ष्मदर्शकाखाली या धाग्यांत चकाकते कण दिसत. ते गंधकाचे आहेत, हे १८७० मध्ये कळलं. पण गंधक तिथे आला कसा? फर्डिनांड कोन यांच्यासारख्या मातब्बराचा कयास असा, की सडक्या अंड्यांसारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड हे धागे, म्हणजे जिवाणूच, तयार करतात.

गाडी नेमकी उलटी जाते हे दाखवलं सर्गेई विनोग्राद्स्की यांनी. १८८५ मध्ये ते रशियाहून स्ट्रासबर्गला, वनस्पतिशास्त्रज्ञ डी बॅरी यांच्या प्रयोगशाळेत आले. शुद्ध संवर्धन काही जमेना. मग त्यांनी मोजके धागेच काचपट्टीवर ठेवले आणि त्यांच्यावरचं पाणी दिवसातून अनेकदा बदलत राहिले. सल्फाइडयुक्त पाणी दिलं की धागे कणांनी गच्च भरत. ते तोडलं की दिवसा-दोन दिवसांत कण गायब, आणि पाण्यात गंधकाम्ल! म्हणजे जिवाणू सल्फाइडचा आधी गंधक करतो, साठवतो आणि चणचण भासली की त्याचंही ऑक्सिडीकरण करतो. सल्फाइडमधले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर त्याचा संसार चालतो. कण हा त्याचा कणगीतला दाणा. १८८७ चा हा निबंध माझ्या मते सूक्ष्मजीवशास्त्रातल्या सर्वांत देखण्या युक्तिवादांपैकी एक. अशा ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडपासून शरीर घडवता येतं, हे मात्र त्यांनी पुढे झुरिचला, नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंवर सिद्ध केलं.

यानंतरची कित्येक दशकं हा विषय तज्ज्ञांपुरताच राहिला. १९७७ मध्ये 'ॲल्विन' पाणबुडी गॅलापागोसजवळ सुमारे अडीच किलोमीटर खोल उतरली, तेव्हा उष्ण झऱ्यांभोवती प्राण्यांची दाटी दिसली. पुढे अशाच झऱ्यांवर माणसापेक्षाही लांब नलिकाकृमी सापडले. त्यांना ना तोंड, ना आतडं. १९८० मध्ये हार्वर्डला एका व्याख्यानात त्यांच्या शरीरातल्या गंधकाच्या स्फटिकांचा उल्लेख झाला. ऐकणाऱ्यांत कोलीन कॅव्हनॉ ही नवखी संशोधक विद्यार्थिनी होती. तिने तिथल्या तिथे उठून सांगितलं, आत गंधक-जिवाणू असणार, आणि तेच कृमींना पोसत असणार! पुढच्याच वर्षी तिचा शोधनिबंध आला.

'सूर्यावाचूनचं जीवन' असा गाजावाजा तेव्हापासून सुरू आहे. तो जरा अतीच. कृमीचा लाल तुरा रक्तातून सल्फाइडसोबत ऑक्सिजनही आत पोचवतो, आणि समुद्रातला तो ऑक्सिजन प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो.