डेड स्टॉकमधली मोटार

प्रत्येक बँकेत एक डेड स्टॉक रजिस्टर असते. खुर्च्या, टेबले, पंखे, तिजोरी अशा ज्या वस्तू विकायच्या नसतात, पण हरवल्या तर साहेबांना उत्तर द्यावे लागते, त्यांची नोंद त्यात करतात. दरवर्षी घसारा काढायचा आणि किंमत खाली आणायची. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे घसाऱ्यावर माझी श्रद्धा आहे. पण जी वस्तू साठ वर्षे नुसती पडून राहिली आणि पडून राहिली म्हणूनच महाग झाली, तिची नोंद कुठल्या खात्यात करायची, हे मला कुणी शिकवलेले नाही.

वस्तू म्हणजे होडीच्या मागे लावायची मोटार. इव्हिनरूड कंपनीची, 'लाइटविन' नावाची, तीन अश्वशक्तीची. आमचे भाईकाका मालवाहू जहाजावर होते. १९६२ साली त्यांनी ती अमेरिकेतल्या एका बंदरात घेतली आणि जकात भरून (हे ते शेवटपर्यंत अभिमानाने सांगत) दाभोळच्या घरी आणली. कारण एवढेच, की आत्याला खाडीपलीकडे अंजनवेलीला दिलेली. भाऊबीजेला तरीची वाट बघत बसायला नको, मोटार लावली की पोहोचलो!

आता, होडीच्या मागे मोटार लावायची तर होडीला 'मागे' असावे लागते. म्हणजे एक सपाट उभी फळी, जिला मोटारीचे शिकंजे आवळता येतील. आमच्या वाडीतली होडी दोन्ही टोकांना निमुळती. सुतार म्हणाला, "त्यात काय, एक टोक कापतो नि फळी मारतो." होडीवाला म्हणाला, "आधी तुझं कापून बघ." एवढ्यात भाईकाकांची रजा संपली आणि मोटार खोक्यासकट माळ्यावर गेली. पुढच्या रजेत नवी होडी बांधायची होती, त्याच्या पुढच्या रजेत त्यांचे लग्न निघाले, आणि लग्न झालेल्या माणसाच्या होडीचे काय होते ते मी सांगायला नको. २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. मोटारी, बैल, वऱ्हाडे सगळे पलीकडे जाऊ लागले. भाईकाका गेले तेव्हा खोके माझ्या वाट्याला आले.

पुण्याच्या एका संग्राहकाने चाळीस हजार देऊ केले. अट एकच : मोटार पाण्याला लागलेली नको. लागली तर वीस. आमच्या सौ.ना चाळीस हजारांत पडवीवरची कौले दिसू लागली.

कर्ज देण्यापूर्वी पक्षकाराची जुनी खाती तपासावीत ही बँकेची रीत. म्हणून मी मोटारीचे घराणे तपासले.

ओले इव्हिनरूड हा मूळचा नॉर्वेचा. जन्म १८७७. लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेत विस्कॉन्सिनला आला, यंत्रे शिकला आणि मिलवॉकीत कारखाना काढून बसला. गोष्ट अशी सांगतात, की एकदा भर उन्हाळ्यात तो तळ्यावर सहलीला गेला असताना बेस कॅरीला आइस्क्रीम खावेसे वाटले. ओले वल्ही मारत पलीकडे गेला, आइस्क्रीम घेऊन वल्ही मारत परत आला, तोवर त्याचे सरबत झाले होते. प्रेमात पडलेला मराठी माणूस यावर कविता करता. याने मोटार करायला घेतली. होडीला मागे टांगायची यंत्रे त्याच्या आधीही होती. अमेरिकेतच कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या गृहस्थाने ती विकायला सुरुवात केली होती. पण लोकांनी आपणहून मागून घ्यावी अशी भरवशाची मोटार ओलेची.

१९०९ साली ती बाजारात आली. दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर! पौंडाला डॉलर, म्हणजे सरळ कांद्याबटाट्यासारखा भाव. मला हा हिशेब फार आवडला.

पण माझ्या मते खरी नायिका बेस. ती मुळात कारखान्याचा पत्रव्यवहार आणि हिशेब बघायची. पुढे तिनेच जाहिरातींचा मजकूर लिहिला, तिनेच परदेशी मागण्या सांभाळल्या आणि मोटारी स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांपर्यंत पोचवल्या. ओलेला मोटार बनवता येत होती, पण ती खपवली कारकुनी लेखणीने. इतिहासात कारकुनाचा विजय क्वचितच नोंदला जातो, म्हणून जरा आवाज चढवून सांगतो.

पुढे बेसची प्रकृती ढासळली. १९१४ साली ओलेने आपला हिस्सा भागीदाराला विकला, पाच वर्षे या धंद्यात पाऊल टाकणार नाही असे लिहून दिले, आणि बायकोला घेऊन हिंडायला निघाला.

हे मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवले. सौ. म्हणाल्या, "बघा. त्याने बायकोसाठी कंपनी विकली. तुम्हाला एक मोटार विकवत नाही."

"अगं, पण पुढे ऐक. मुदत संपल्यावर त्याने ॲल्युमिनियम वापरून दोन सिलिंडरची, आणखी हलकी मोटार बनवली. जुन्या भागीदाराला दाखवली, तो नको म्हणाला. मग १९२० च्या सुमारास नवरा-बायकोंनी 'एल्टो' नावाची नवी कंपनी काढली, आणि १९२९ मध्ये विलीनीकरण होऊन स्वतःचंच नाव परत मिळवलं!"

"मग तुम्हीही विका, आणि पाच वर्षांनी नवी बनवा."

बेस १९३३ मध्ये गेली, ओले १९३४ मध्ये. त्यानंतरची खाती वाचवत नाहीत. मोठी झालेली कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली, नाव दुसऱ्यांनी घेतले, आणि २०२० मध्ये त्यांनीही इव्हिनरूड मोटारी बनवणे बंद केले. म्हणजे माझ्या माळ्यावरचे खोके आता निपुत्रिक घराण्यातले होते. संग्राहकाचा फोन पुन्हा आला. तो पंचेचाळीसवर गेला होता.

आत्याला विचारायला हवे होते. ती आता पंच्याऐंशीची. म्हणाली, "विक की. मला कशाला ती? पण भाई दर पत्रात लिहायचा, पुढल्या खेपेला मोटारीनं येतो म्हणून. एकदा तिचा आवाज तरी ऐकव."

हा आवाज पंचवीस हजारांना पडणार होता. सौ. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कौलं पुढच्या वर्षी बघू."

बंदरावरच्या मिस्त्रीने खोके उघडले. "न वापरलेली म्हंजे नवी नव्हे," तो म्हणाला. त्या काळच्या या मोटारींतल्या इग्निशन कॉइलचे आवरण नुसते ठेवूनही तडकते, आणि पंपातला रबरी पंखा वाळून कडक होतो. म्हणजे घसारा माळ्यावरही चढला होता, ऐकून बरे वाटले. कॉइल आणि पंखा परदेशातून मागवले. गिअरमधले तेल बदलले. चोवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल असे मिश्रण केले.

मग मोटार खाडी ओलांडून गेली. फेरीबोटीतून, माझ्या मांडीवर, गोणपाटात गुंडाळून.

आत्याच्या अंगणात पाण्याने भरलेले पिंप होते. काठाला जाड फळी ठोकून तिला मोटार अडकवली. मिस्त्रीने दोरी ओढली. अकरा वेळा काही झाले नाही. बाराव्या ओढीला निळा धूर निघाला, पिंप गदगदू लागले, पाणी अंगणभर उडाले आणि कोंबड्या परसात पळाल्या. आत्या खुर्चीत बसून ऐकत होती. पदराला पाणी लागले तरी हलली नाही. थोड्या वेळाने मिस्त्रीने विचारले, "बंद करू?"

"पेट्रोल संपेपर्यंत चालू दे."

"तसंच करतात," मिस्त्री म्हणाला. "ठेवायची तर कार्बोरेटर कोरडा करूनच ठेवतात."

बारा-पंधरा मिनिटे ती चालली. दाभोळहून अंजनवेल गाठायला भाईकाकांनी तेवढाच वेळ धरला होता. मग दोन-तीन उचक्या देऊन थांबली. पुढल्या महिन्यात ती वीस हजारांना पुण्याला गेली.

मी पिंप कलंडवायला लागलो तेव्हा आत्या उठली. "ते पाणी माडांना घालू नको रे," ती म्हणाली, "तेलकट झालंय."