जुन्या मोटारीचा मास्टर सिलिंडर : किट की नवा?

सिग्नलला मोटार उभी असते. चालकाचा पाय ब्रेकवर स्थिर असतो. पण पायाखालचे पेडल मात्र हळूहळू खाली जात राहते. पाय उचलून पुन्हा दाबला, की ब्रेक पूर्ववत लागतो. त्यामुळे ही गोष्ट कोणी फारशी मनावर घेत नाही. ब्रेक ऑइलची पातळी ठीक असते, डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागलेला नसतो, गाडीखाली एक थेंबही सांडलेला नसतो. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या मोटारीत मास्टर सिलिंडर निकामी होऊ लागल्याची ही नेमकी खूण आहे.

पेडल दाबले, की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो आणि बंदिस्त द्रवावरील दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. हा दाब टिकवून धरण्याचे काम दट्ट्यावरील रबरी कप करतात. कपाची कड झिजली किंवा कडक झाली, की द्रव तिला वळसा घालून सिलिंडरमध्येच मागे परततो. तो बाहेर सांडत नाही, म्हणून पातळी घटत नाही आणि पातळीवर चालणारा इशाऱ्याचा दिवाही गप्प राहतो. मागच्या टोकाचा कप गेला, तर मात्र द्रव बाहेर झिरपतो. पण तोही अनेकदा व्हॅक्यूम बूस्टरच्या पोटात साठतो आणि जमिनीवर दिसत नाही.

१९५०-६०च्या दशकांतील आराखड्यांच्या बऱ्याच मोटारींत चारही चाकांना मिळून एकच द्रवमार्ग असे. तेथे कप फाटला, की ब्रेक संपूर्ण गेला. पुढे आलेल्या दुहेरी मास्टर सिलिंडरमध्ये दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक निकामी झाला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. परंतु पेडल बरेच खोल जाते आणि थांबण्याचे अंतर खूप वाढते.

दोष ओळखण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून इंजिन चालू ठेवावे आणि पेडल बेताच्या जोराने मिनिटभर दाबून धरावे. इंजिन सुरू होताना पेडल किंचित खाली जाते. तो बूस्टरचा परिणाम असून दोष नव्हे. त्यानंतरही पेडल खाली सरकत राहिले आणि चाकांपाशी, नळ्यांवर कोठेही ओल नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरवरच घ्यावा. ही गळती पुष्कळदा हलक्या दाबाला अधिक दिसते. जोरात दाबल्यास कपाची कड सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटते. म्हणूनच ‘जोरात दाबला की ब्रेक लागतो’ या अनुभवावर विसंबू नये. पेडल स्पंजासारखे लागत असेल, तर नळ्यांत हवा असण्याची शक्यता अधिक. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल वर येत असेल, तर ड्रममधील ब्रेक शूंचे अंतर आधी तपासावे.

बिघाडाचे मूळ बहुधा द्रवातच असते. गॅरेजमध्ये त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. प्रत्यक्षात डॉट ३ व डॉट ४ हे ग्लायकॉल वर्गातील द्रव असून ते हवेतील बाष्प शोषून घेतात. नव्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावरची मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. घाटातील लांब उतारावर ब्रेक तापले असताना हा फरक जीवघेणा ठरू शकतो. शिवाय हेच पाणी सिलिंडरला आतून गंज चढवते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत वापरल्या जाणाऱ्या मोटारीत दर दोन वर्षांनी द्रव बदलणे म्हणूनच शहाणपणाचे.

दुरुस्तीचे दोन मार्ग असतात. पहिला किटचा : सिलिंडर उघडून त्यातील रबरी भाग बदलायचे. तो स्वस्त असल्याने ग्राहकालाही रुचतो. परंतु किट टिकेल की नाही, हे रबरावर नव्हे, तर सिलिंडरच्या आतील भिंतीवर ठरते. भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल, तरच किट घालावे. बोटाच्या नखाला खड्डा किंवा ओरखडा जाणवला, तर नवा कप काही आठवड्यांतच कापला जाईल. बिडाच्या सिलिंडरचे हलके घासकाम काही कारागीर करतात. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर तो प्रयोग मुळीच करू नये, कारण घासण्याने वरचा कठीण थर निघून जातो. पंधरा वर्षांच्या मोटारीत पूर्ण सिलिंडरच बदलणे अधिक सुरक्षित होय. जो भाग बाजारातून नाहीसा झाला आहे, त्याला स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून घेणे हा महागडा, पण टिकाऊ उपाय आहे.

मुंबईत ऑपेरा हाऊस परिसरात व पुण्यात नाना पेठेत जुन्या मोटारींचे सुटे भाग मिळतात. खरेदी करताना सिलिंडरचा व्यास जुन्याशी जुळवून पाहावा. बाहेरून सारखे दिसणारे भाग आतून वेगळे असू शकतात. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या डब्यातील रबरही म्हातारे झालेले असते.

बसवताना घाई नडते. नळ्यांच्या नटांच्या कडा साध्या पान्याने झिजतात, तेव्हा फ्लेअर नटचा पाना वापरावा. भाग पेट्रोल, रॉकेल वा डिझेलने धुऊ नयेत. ही आपल्याकडील जुनी खोड आहे आणि खनिज तेलाने रबर फुगते. नव्या सिलिंडरमधील हवा तो गाडीवर चढवण्यापूर्वीच काढावी. पेडल मोकळे असताना पुशरॉड व दट्ट्या यांच्यामध्ये अगदी थोडी फट राहिली पाहिजे. ती नसेल, तर द्रव टाकीत परतत नाही आणि ब्रेक चिकटून चाके तापतात. रंगावर सांडलेला द्रव लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर रंग निघतो.

चाकांपाशी एअर काढताना आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. मेकॅनिकचा मदतनीस पेडल तळापर्यंत दाबतो, तेव्हा रोजच्या वापरात कप कधीच पोहोचत नाही अशा गंजक्या भागावर तो जातो आणि त्याची कड फाटते. ‘ऑइल बदलले आणि ब्रेक बिघडला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. जुना सिलिंडर कायम ठेवून केवळ द्रव बदलायचा असेल, तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. एअर सामान्यतः सर्वांत दूरच्या चाकापासून, म्हणजे उजव्या स्टिअरिंगच्या मोटारीत मागील डाव्या चाकापासून काढली जाते. मात्र ज्या गाडीत द्रवमार्गांची जोडणी कर्णरेषेत असते, तिच्या पुस्तिकेतील क्रम पाळावा. एबीएस असलेल्या गाडीचे हे काम योग्य उपकरणे असलेल्या कार्यशाळेतच द्यावे.

काम झाल्यावर मिनिटभर पेडल दाबून धरण्याची चाचणी पुन्हा घ्यावी. नंतर मोकळ्या जागेत अगदी मंद वेगात ब्रेक लावून पाहावा. आठवडाभराने टाकीतील पातळी, नळ्यांचे सांधे आणि सिलिंडर व बूस्टर यांच्यामधील जोड कोरडा आहे ना, हे तपासावे. तोवर गाडी घाटात नेऊ नये.