खिशातल्या पिस्तुलाची कुळकथा

अमेरिकेत बंदुकीच्या दुकानात छोटं पिस्तूल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक ठरलेले प्रश्न विचारतं. जाडी किती? गोळ्या किती मावतात? स्लाइड, म्हणजे नळीवरचं सरकतं आवरण, मागे ओढायला जोर किती लागतो? अंगावर लपवून बाळगता येईल आणि रात्री घराच्या रक्षणालाही उपयोगी पडेल, असं एकच हत्यार त्याला हवं असतं. पण या हत्याराचा जन्म झाला तो फक्त लपवण्यासाठी. घराचं रक्षण हे काम त्याच्या गळ्यात फार उशिरा पडलं.

या कुळातला पहिला नामांकित पुरुष हेन्री डेरिंजर, फिलाडेल्फियाचा बंदूककार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याची एकनळी पिस्तुलं अमेरिकाभर खपत होती. मुठीत झाकली जातील एवढी छोटी, पण गोळी चांगली जाड. एकदा चाप ओढला की काम संपलं, पुन्हा दारू ठासावी लागे. म्हणून लोक ती जोडीने घेत. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरात जॉन विल्क्स बूथने अब्राहम लिंकनवर गोळी झाडली ती याच पिस्तुलातून. त्याची लांबी जेमतेम सहा इंच. गोळी सुटताच बूथने ते खाली टाकलं आणि सुरा उपसला, कारण त्या पिस्तुलात आता काही उरलं नव्हतं.

रिव्हॉल्व्हरने गोळ्यांची अडचण सोडवली, पण काडतुसांचा फिरता गोळा पोटासारखा बाहेर आला आणि कोटाच्या खिशातून दिसू लागला. शिवाय काडतुसावर आपटणारा घोडा कापडात अडके. स्मिथ अँड वेसनने १८८७ मध्ये घोडा आत झाकलेलं रिव्हॉल्व्हर काढलं, ते खिशातून विनाअडथळा निघावं म्हणून. पोट मात्र तसंच राहिलं.

ते सपाट केलं जॉन मोझेस ब्राउनिंगने. युटामधल्या ऑग्डेनच्या बंदूककाराचा हा मुलगा. त्याने आखलेलं छोटं स्वयंचलित पिस्तूल अमेरिकेत नव्हे, बेल्जियमच्या एफएन कारखान्यात तयार झालं. लिएजजवळच्या हर्स्टलचा हा कारखाना १८८९ मध्ये उभा राहिला तो बेल्जियन सैन्याच्या माउझर रायफली बनवण्यासाठी. १९०० च्या सुमारास तिथून ब्राउनिंगचं ७.६५ मिलिमीटरचं पिस्तूल बाहेर पडलं. गोळ्या सात, त्याही मुठीच्या आतल्या मॅगझीनमध्ये एकावर एक. त्यामुळे जाडी मुठीएवढीच राहिली. फुटलेल्या काडतुसाचा मागे येणारा धक्का पेलायला त्यात वजनदार स्लाइड आणि तिची स्प्रिंग, एवढंच. नळी बंद धरणारं वेगळं कुलूप नाही, गुंतागुंत नाही. या साधेपणामुळे ते स्वस्तही झालं आणि विश्वासाचंही. पुढे त्याने ६.३५ मिलिमीटरचं त्याहून छोटं पिस्तूल काढलं, ते तर जाकिटाच्या खिशात बसे. फ्रेंच बोलीत ‘ब्राउनिंग’ म्हणजेच पिस्तूल, असं होऊन बसलं. १९१४ मध्ये साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या करणाऱ्या गाव्रिलो प्रिन्सिपच्या हातात होतं तेही एफएनचंच, १९१० च्या नमुन्याचं.

मराठी वाचकाला ब्राउनिंग हे नाव परकं नाही. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीनकरवी हिंदुस्थानात धाडली, ती पेटीच्या चोरकप्प्यातून. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंगमधूनच. लांब नळीच्या बंदुका किंवा पोटफुगी रिव्हॉल्व्हरं अशा चोरकप्प्यात कितीशी मावली असती? राजकीय कटांचा इतिहास लिहिताना आपण माणसं मोजतो, आणि ते योग्यच आहे. पण हत्याराच्या चपटेपणाचीही त्यात नोंद व्हायला हवी.

पुढची पायरी जर्मनीतल्या वाल्थरची. १९२९ मध्ये त्यांचं ‘पीपी’ पिस्तूल आलं, पाठोपाठ धाकटं ‘पीपीके’. आत गोळी भरलेली, घोडा खाली, आणि चाप लांब ओढला की घोडा आपोआप चढून पडतो, ही सोय रिव्हॉल्व्हरमध्ये होतीच. वाल्थरने ती चपट्या पिस्तुलात यशस्वीपणे बसवली.

यानंतर माप ठरवण्यात कारागिरांइतकाच अमेरिकेतल्या कायद्याचा हात दिसतो. हत्यार लपवून बाळगण्यावर केंटकीने १८१३ मध्येच बंदी घातली होती, न्यूयॉर्कने १९११ मध्ये परवाना सक्तीचा केला. १९६८ च्या संघीय कायद्याने आयात पिस्तुलांना आकारावरून गुण द्यायला सुरुवात केली आणि पीपीके थोडक्यात नापास झालं. वाल्थरने पीपीची उंच मूठ आणि पीपीकेची आखूड स्लाइड जोडून नवं पिस्तूल अमेरिकेत पाठवलं. १९८७ मध्ये फ्लोरिडाने अटी पुऱ्या करणाऱ्याला परवाना द्यायचाच असा नियम केला, आणि हळूहळू इतर अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. १९९४ च्या कायद्याने दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझीनच्या विक्रीवर बंदी आणली. दहाच गोळ्या मिळणार तर मोठी मूठ कशाला, असा हिशेब गिऱ्हाइकांनी केला. ऑस्ट्रियाच्या ग्लॉकने १९९५ मध्ये आणलेल्या आखूड ‘२६’ मध्ये गोळ्या बरोबर दहा होत्या. कायदा २००४ मध्ये संपला, आखूड पिस्तुलांची गोडी मात्र टिकली. २०१८ च्या सिग सॉअर पी३६५ ने तेवढ्याच गोळ्या इंचभर जाडीत बसवल्या.

या लहानपणाची किंमत हाताला मोजावी लागते. नळी आखूड झाली की नेम धरायच्या दोन खुणा जवळ येतात, त्यामुळे हाताची बारीकशी चूक निशाण्यावर मोठी होते. वजन घटलं की धक्का वाढतो. स्लाइड हलकी आणि तिला मागे सरकायला जागा कमी, म्हणून स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. बोटांत जोर नसलेल्या माणसाला ती ओढताना घाम फुटतो. दुकानातला तिसरा प्रश्न इथून येतो. त्यामुळे घरासाठी सर्वांत छोटं पिस्तूल निवडणं मला उलटं वाटतं. घरात हत्यार पाहुण्यांच्या नजरेपासून नव्हे, मुलांच्या हातापासून दूर ठेवायचं असतं, आणि ते काम कुलूपबंद पेटी करते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरासाठी हत्यार घेणाऱ्याने स्प्रिंगच्या ताठपणाआधी याचा विचार केला पाहिजे. घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात मान्य केला, आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या परवान्यातली ‘खास कारण दाखवा’ ही अट रद्द करून घराबाहेर हत्यार बाळगण्याचा हक्कही मान्य केला.

भारतात असा हक्क नाही, परवाना आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली ९ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य परवानाधारकाला मिळत नाही; त्याच्या वाट्याला .३२ बोअर येतं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं राहतील असं ठरलं. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून काढलेलं ‘निर्भीक’ हे हलकं रिव्हॉल्व्हरही .३२ चंच, आणि किंमत लाखाच्या वर. सरकारी ऑर्डनन्स कारखान्यांच्या .३२ पिस्तुलात भरतात ती ७.६५ मिलिमीटरची गोळी ब्राउनिंगने हर्स्टलच्या त्या पहिल्या चपट्या पिस्तुलासाठी आखलेली आहे.