करंट येतो-जातो : देवगड-जामसंड्याकडची गाडी-वायरिंगची विद्या

जुन्या मोटारीच्या विजेतला सर्वांत अवघड बिघाड म्हणजे कधी होणारा आणि कधी न होणारा. वायर तुटली तर दिवा लागत नाही, बॅटरी उतरली तर सेल्फ फिरत नाही. असा दोष जागच्या जागी असतो आणि सापडतो. पण सकाळी सुरू झालेली गाडी दुपारी बंद पडते, गॅरेजात आणली की विनातक्रार चालते, तेव्हा दोष शोधण्याआधी तो घडवून आणावा लागतो. देवगड-जामसंडे भागातल्या वायरमनच्या धंद्याचा इतिहास बराचसा या एकाच कामाचा आहे, आणि त्याचं कारण समुद्र.

या टापूत मोटार तशी उशिराच स्थिरावली. देवगड बंदरात मुंबईची बोट लागे, माणसं पडावातून किनाऱ्यावर उतरत आणि आंबाही समुद्रमार्गेच जाई. पावसाळ्यात बोटी बंद असत. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, त्यानंतरच्या दशकांत कोकणच्या आतल्या रस्त्यांवर एसटी आणि मालमोटारी रुळत गेल्या. मुंबई-गोवा महामार्गावरच्या नांदगाव तिठ्यावरून शिरगाव, तळेबाजार, जामसंडे करत देवगडला येणारा रस्ता हा तालुक्याचा मुख्य रस्ता ठरला. आंबा ट्रकने आधी क्रॉफर्ड मार्केटला आणि पुढे वाशीला जाऊ लागला. माल रात्रीच्या प्रवासाचा, वाट घाटवळणांची. हेडलाइट मधेच गेली तर ती गैरसोय राहत नाही, जिवावरचा प्रसंग होतो. म्हणून अशा गावांत इंजिनाच्या मिस्त्रीइतकीच वायरमनची गरज होती.

वायरमनच्या हाताखालून गेलेल्या गाड्या सांगितल्या तर काळ आपोआप उलगडतो. महिंद्राची जीप, 1957-58 पासून उत्तरपाड्याला तयार होणारी अ‍ॅम्बॅसडर, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, जी 1970 च्या दशकात पद्मिनी झाली, मग मॅटाडोर, ट्रॅक्स आणि 407. त्यांचे डायनॅमो, सेल्फ, डिस्ट्रिब्युटर पुष्कळदा लुकासच्या घराण्याचे असत. लुकास-टीव्हीएसचा पाडी येथला कारखाना 1961 नंतरचा. या सगळ्या गाड्यांची वायरिंग एका माणसाला डोक्यात ठेवता येण्याजोगी होती, आणि या विद्येचा पाया तोच आहे.

समुद्राचं काम मात्र डोळ्यांना दिसत नाही. जामसंड्याच्या सड्यावर वारा इतका भरवशाचा, की 1990 च्या दशकात महाऊर्जा या सरकारी संस्थेने तिथे प्रायोगिक पवनचक्क्या उभारल्या. तोच वारा मिठाचे सूक्ष्म कण आत आणतो. साधं मीठ हवेत सुमारे 75 टक्के आर्द्रता झाली की ओल ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठातला मॅग्नेशियम क्लोराइड त्याहून खूप कोरड्या हवेतही ओला होतो. म्हणजे पाऊस नसतानाही तांब्याच्या जोडावर खारट ओलीचा पातळ थर राहतो. तांबं हिरवं पडतं, आणि ही हिरवळ वायरच्या वेष्टनाखालून आत सरकते. वरून वायर नवीकोरी, आतले धागे काळे.

मोटारीत परतीची वायर नसते. बॅटरीचं एक टोक पत्र्याला बांधलेलं असतं, दिव्यातून गेलेला करंट पत्र्यातून परततो. वायरमन याला अर्थ म्हणतात. किनाऱ्यावर पत्राच आधी गंजतो, अर्थचा बोल्ट गंजाच्या थरावर बसतो आणि गाडी विचित्र वागू लागते. इंडिकेटर दिला की शेजारचा टेललाइट मंद लुकलुकतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर थांबतो. अर्थ तुटल्यावर करंट शेजारच्या बल्बमधून उलट वाटेने घरी जातो, एवढाच त्याचा अर्थ. हे लक्षण दिसलं की अनुभवी माणूस स्विच किंवा फ्लॅशर उघडत नाही, थेट मागच्या दिव्याचा बोल्ट सोडतो.

थोडासा अडथळा किती नुकसान करतो, हे गणितानेच पटतं. 60 वॅटच्या हेडलाइटला 12 व्होल्टवर 5 अँपिअर लागतात. जोडात अर्धा ओहम अडथळा आला की सुमारे 2 व्होल्ट तिथेच खर्च होतात, आणि उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. सेल्फ 150 अँपिअर ओढत असताना बॅटरीच्या टर्मिनलवर ओहमचा शंभरावा भाग असला तरी दीड व्होल्ट जातो. अशा वेळी लोक बॅटरी बदलतात. नव्या बॅटरीसाठी टर्मिनल घासून बसवलं जातं, गाडी सुरू होते आणि दोष जुन्या बॅटरीच्या माथी बसतो.

म्हणूनच दोन वायरी जोडलेला साधा बल्ब, म्हणजे टेस्ट लॅम्प, या धंद्याचं खरं उपकरण ठरला. स्वस्त म्हणून तो टिकला असं मानणं त्याच्यावर अन्याय आहे. डिजिटल मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे हिरव्या पडलेल्या जोडावरही तो पुरते 12 व्होल्ट दाखवतो. 21 वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, आणि जोड खराब असेल तर लगेच मंदावतो. मीटर वापरायचाच तर दिवे लावून, करंट वाहत असताना, जोडाच्या दोन्ही बाजूंना टेकवायचा. तिथे अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर सापडला.

“कदी चालू होता, कदी होना नाय” ही तक्रार घेऊन आलेल्या गाडीला आधी विचारपूस लागते: बंद पडते ती उन्हात, पावसात की खड्ड्यात? खड्ड्यात बंद पडणाऱ्या गाडीत दिवा लावून वायरचा गठ्ठा इंचाइंचाने हलवायचा आणि डोळे दिव्यावर ठेवायचे. पावसात बंद पडणारीच्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून ओल आणि काळी रेघ पाहायची. तडा गेलेल्या झाकणातून ठिणगी भलत्याच वाटेने जाते. फियाटच्या फ्यूजची चिनीमातीची नळी आणि तिच्यावरची उघडी पट्टी टोकांशी काळवंडते, दोन बोटांनी फिरवली की तात्पुरती जिवंत होते. हाही एक मासलेवाईक चकवा.

उन्हातला दोष सर्वांत फसवा. घाट चढून आलेली पद्मिनी बंद पडली की इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायची रीत सर्वत्र होती, कारण नळीत पेट्रोलची वाफ धरते. पण तापल्यावर इग्निशन कॉइलची आतली तार प्रसरून सुटू शकते, कंडेन्सरही उष्णतेने बसतो. अर्धा तास थांबलं की तिन्ही बरे होतात, आणि मालक फडक्याला श्रेय देतो. म्हणून थंड करण्याआधी, गाडी तापलेली असतानाच, प्लगची वायर काढून ठिणगी पाहायची. ठिणगी निळी आणि जोरकस असेल तर पेट्रोलकडे बघायचं. नसेल तर डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचं सुमारे 0.4 मिलिमीटरचं अंतर, कंडेन्सर, कॉइल या क्रमाने. हा क्रम चुकला की पुरावा थंड होऊन जातो.

डायनॅमोच्या काळात आणखी एक त्रास होता. कमी वेगात डायनॅमो चार्ज करत नसे. भर पावसात वायपर, दिवे आणि हळू चाल यांनी बॅटरी खाली जाई, आणि डायनॅमोला बॅटरीशी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआउटचे कॉन्टॅक्ट काळवंडले की चार्जिंग मधूनच तुटे. अल्टरनेटरने हे बरंचसं संपवलं. गाड्याही बदलत गेल्या: डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. पुढे फ्युएल इंजेक्शनने पॉइंट आणि कंडेन्सर हद्दपार केले. अ‍ॅम्बॅसडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये उतरली.

1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत स्कॅनर लावल्याशिवाय काम सुरू होत नाही, आणि संगणकाच्या नाजूक वायरींवर जुना टेस्ट लॅम्प लावणं धोक्याचं आहे. स्कॅनर पी0562 असा कोड दाखवतो, म्हणजे सिस्टिमचा व्होल्टेज कमी. तो अल्टरनेटरमुळे कमी झाला, बेल्टमुळे की चॅसिसवरच्या गंजक्या अर्थमुळे, हे कोड सांगत नाही. त्यासाठी अजूनही दिवे लावून मीटर बॅटरीच्या ऋण टोकाला आणि इंजिनाच्या धातूला टेकवावा लागतो, बोल्ट सोडून पत्रा काचपेपरने चकचकीत होईपर्यंत घासावा लागतो, आणि कसल्यानंतर वरून ग्रीस लावावं लागतं. खाऱ्या वाऱ्याच्या गावात हे काम दर पावसाळ्याआधी करून घेणं चांगलं.